शिकायचं तर पोरानं राहायचं कुठं?
भाऊराव पाटलांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेला हिशेब

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे माल उतरवायचा, पट्टी घ्यायची आणि ऊन तापायच्या आत गावाकडं परत फिरायचं, हा तुमच्यापैकी कित्येकांचा शिरस्ता. पण जून-जुलैचा महिना असला आणि घरातलं पोरगं बारावी झालेलं असलं, की हा शिरस्ता मोडतो. गाडी ड्रायव्हरच्या हवाली करून तुम्ही तिथनंच चालत बिबवेवाडीत शिरता. खोली बघायला.

यार्डाला लागून असलेली ही बिबवेवाडी एके काळी हवेली तालुक्यातलं गाव होतं. पुणं वाढत आलं आणि गाव त्याच्या पोटात गेलं. वरच्या अंगाला अप्पर इंदिरानगरकडं इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, बाकीची कॉलेजं शहरभर पसरलेली. त्यामुळं गल्लीबोळांत कॉट बेसिसच्या पाट्या दिसतात. एका खोलीत तीन-चार खाटा, खाटेचं भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं, मेसचा डबा वेगळा. घरमालक सांगत असतो आणि तुम्ही मनातल्या मनात टोमॅटोच्या क्रेटचा भाव आणि खाटेचा भाव एकमेकांसमोर मांडून बघता. फीमध्ये सवलत मिळते, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता येतो. पण खाट आणि डबा यांना कुणी सवलत देत नाही. गावाकडची पोरं शिक्षण सोडतात ती पुष्कळदा वर्गात नापास होऊन नव्हे, तर या खाटेपाशी आणि डब्यापाशी येऊन.

मंडळी, हा हिशेब आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं तो नीट मांडला आणि आयुष्यभर सोडवत राहिला. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. आपल्या भागात त्यांना अण्णा म्हणत. २२ सप्टेंबरला त्यांची जयंती असते. शाळेत फोटोला हार पडतो, दोन भाषणं होतात, पोरं घरी येतात. पण अण्णांनी नेमकं काय केलं असं विचारलं, तर बहुतेक जण शाळा काढल्या एवढंच सांगतात. शाळा तर काढल्याच. पण त्या आधी त्यांनी पोरांच्या राहण्याची आणि जेवणाची सोय केली. खरी गोम तिथं आहे, म्हणून आज तीच तुम्हाला सांगायची.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. मूळ गाव वाळवे तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. घर जैन शेतकऱ्याचं. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून. बदलीची नोकरी, त्यामुळं भाऊरावांची शाळाही कुंभोज, दहिवडी, विटे अशी फिरत राहिली. पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात गेले आणि तिथल्या जैन बोर्डिंगात राहू लागले.

त्या काळचं कोल्हापूर म्हणजे बोर्डिंगांचं गाव. शाहू महाराजांनी एकेका समाजाला हाताशी धरून वसतिगृहं काढायला लावली होती. मराठ्यांचं, जैनांचं, मुसलमानांचं अशी वेगवेगळी. १९०८ साली तेव्हा अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध झाल्याशिवाय जेवायला बसायचं नाही असा जैन बोर्डिंगचा दंडक होता. भाऊरावांनी तो मानला नाही. परिणामी बोर्डिंग सुटलं. परगावच्या पोराला डोक्यावरचं छप्पर गेल्यावर काय वाटतं, हे त्यांना विद्यार्थी असतानाच कळलं. शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला, म्हणून कोल्हापूर सुटलं नाही. तरी परीक्षेच्या बाबतीत सांगायचं तर हा गडी मॅट्रिकही झाला नाही. ज्यांच्या संस्थेत पुढं हजारो पदवीधर झाले, ते स्वतः इंग्रजी सहावीच्या आसपास थांबले. तुमच्या पोराला कमी मार्क पडले तर हे जरूर सांगा, पण अभ्यास न करण्याला सबब म्हणून सांगू नका.

नंतर ते साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले. पाटील मास्तर म्हणून नाव झालं. १९१४ साली कोल्हापुरात इंग्रज राजाच्या पुतळ्याला डांबर फासण्याचं प्रकरण घडलं आणि त्यात भाऊराव अडकले. अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी त्यांचा छळ केला. गंमत अशी, की जैन बोर्डिंगातून काढलं गेलं त्या वेळी बोर्डिंगचा कारभार लठ्ठ्यांकडंच होता. उट्टं काढायचं असतं तर ही संधी होती. कोठडीत त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला, पण खोटी साक्ष दिली नाही.

नांगर विकणारा माणूस

यानंतरचा काळ आपल्या शेतकरी वाचकांना जवळचा वाटेल. सुटून आल्यावर भाऊरावांनी फिरतीची विक्री पत्करली. ओगल्यांच्या काचकारखान्याचे कंदील विकले आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. आज ट्रॅक्टरवर बसणाऱ्या पिढीला कल्पना यायची नाही, पण तेव्हा लोखंडी नांगराला शेतकरी बिचकत. लोखंड जमिनीत गेलं की माती विषारी होते असा समज होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांना पहिले सहा नांगर खपवायला दोन वर्षं लागली होती. अशा वेळी लोखंडी नांगर विकायचा म्हणजे पेठेत दुकान मांडून भागत नव्हतं. शिवारात जायचं, औताला नांगर जोडून दाखवायचा, लाकडी नांगर किती खोल जातो आणि हा किती जातो ते शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवायचं.

भाऊरावांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. त्या सगळ्या मुलखात ते हिंडले. जो माणूस नांगर विकायला येतो तो ओट्यावर बसतो, चटणी-भाकरी खातो, रात्री घोंगडीवर पडतो. त्याला घरातलं कर्ज कळतं आणि घरातली पोरंही दिसतात. माझं मत विचाराल, तर रयतेच्या शिक्षणाची पाहणी भाऊरावांनी या फिरतीत केली. आजचे लोक त्याला सर्व्हे म्हणतात आणि त्यासाठी वेगळा निधी मागतात.

काय दिसलं त्यांना? खेड्यात शाळा असलीच तर चार इयत्तांची. पुष्कळ वाड्यांत तीही नाही. त्यापुढं शिकायचं तर कराड, सातारा, कोल्हापूर. एसटी नव्हती, सायकल नव्हती. पंधरा-वीस मैलांवरच्या पोरानं तिथं राहायलाच हवं. राहायचं कुठं? ब्राह्मणाचं गरीब पोर वार लावून जेवत असे, सात घरी सात दिवस. ती सोय कुणब्याच्या पोराला नव्हती, रामोशाच्या नव्हती आणि महार-मांगांच्या पोराला तर खोली भाड्यानं मिळायचीही मारामार. म्हणजे बुद्धी असून, शाळा असून, कधी कधी फीमाफी असूनसुद्धा पोर मागं फिरायचं. घरी येऊन गुरं राखायचं आणि सावकाराच्या वहीवर बापाच्या पाठोपाठ स्वतःचा अंगठा उठवायचं. हे कोडं शाळेची इमारत बांधून सुटणारं नव्हतं.

एक चूल

उपाय त्यांनी आधीच थोडा करून पाहिला होता. विशीतच दूधगावला मित्रांच्या साथीनं विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला होता. मग सत्यशोधक चळवळीतल्या मंडळींबरोबर काम करताना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. काले, नेर्ले अशा गावी वसतिगृहं निघाली. १९२४ साली संस्थेचं ठाणं साताऱ्यात आलं आणि तिथं छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झालं.

या बोर्डिंगात एक फरक होता. कोल्हापूरची वसतिगृहं जातवार होती. शाहू महाराजांचा त्यात दोष नव्हता, त्या काळात आधी तेवढंच शक्य होतं. भाऊरावांनी पुढचं पाऊल टाकलं. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका पंगतीत आणि मुख्य म्हणजे एका चुलीवर. स्वयंपाकाची पाळी, पाण्याची पाळी, सरपणाची पाळी, भांड्यांची पाळी. महाराच्या पोरानं थापलेली भाकरी पाटलाच्या पोरानं खायची आणि पाटलाच्या पोरानं घासलेल्या ताटात मांगाच्या पोरानं जेवायचं. आज हे वाचताना तुम्हाला विशेष वाटणार नाही. पण १९२४ साली हे गावाला सांगायला छातीत दम लागत होता. पोर शिकायला पाठवायचं तर पाठवा, पण चूल एकच, हे भाऊरावांचं कलम होतं. सोयऱ्याधायऱ्यांनी नावं ठेवली, भाऊरावांच्या स्वतःच्या समाजातूनही विरोध झाला. त्यांनी कलम बदललं नाही.

दुसरी गोष्ट खर्चाची. शेतकऱ्याकडं रोकड नसते, ती एकदम येते आणि एकदम जाते. पण सुगीत पायली-दोन पायल्या जोंधळा द्यायला त्याचा हात आखडत नाही. भाऊरावांनी हे ओळखलं. ते गावोगाव गेले आणि पैशापेक्षा धान्य मागितलं. ज्वारी, बाजरी, कडधान्य, गूळ, जे गावात पिकतं ते. उरलेली भर पोरांच्या अंगमेहनतीनं काढली. पोरं शेतात राबली, दगड फोडले, भिंती उभारल्या. फुकट कुणाला ठेवायचं नाही आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, असा तो व्यवहार. दयेवर वाढलेलं पोर मान खाली घालून वावरतं, घामावर वाढलेलं घालत नाही. भाऊरावांना पोरांच्या माना ताठ हव्या होत्या.

आता लक्ष्मीबाईंबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. या भाऊरावांच्या पत्नी, पाटलाच्या घरच्या लेक, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवरा आज या जातीचं पोर घरी आणतो, उद्या त्या जातीचं, हे त्यांना सुरुवातीला जड गेलं. कुणालाही जाईल. पण नंतर त्याच पोरांची त्या आई झाल्या. आजारी पोराच्या उशाशी बसल्या, बोर्डिंगातल्या पोरांना करून घातलं. आणि बोर्डिंगातलं धान्य संपलं, उधारी थकली, त्या त्या वेळी अंगावरचा एकेक डाग उतरवून दिला. शेवटी मंगळसूत्रही गेलं. ज्या बाईच्या अंगावर माहेरचं आणि सासरचं सोनं होतं, ती पोरांच्या भाकरीपायी लंकेची पार्वती झाली. १९३० साली त्या गेल्या. भाऊराव त्यानंतर एकोणतीस वर्षं जगले. संस्थेचा वटवृक्ष आपण बोधचिन्हावर पाहतो, त्याच्या मुळाशी या बाईचं मंगळसूत्र आहे. भाऊरावांच्या फोटोला दोन हार घालणाऱ्यांनी एक हार या माऊलीलाही राखून ठेवावा असं मला वाटतं. काही शाळांत ठेवतात, सगळ्यांत नाही.

भाऊरावांचा स्वभावही सांगायला हवा, नाहीतर चरित्र म्हणजे नुसती आरती होते. ते तापट होते. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्याबरोबर त्यांनी कारखान्याच्या उभारणीत हात लावला. त्या धंद्यातून रयतेच्या शिक्षणाला पैसा मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. तसं घडलं नाही आणि मोठा बेबनाव झाला. कूपर पुढं १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री झाले, एवढा मोठा माणूस. त्याच्याशी वाकडं घेऊन भाऊरावांनी नोकरी-धंद्याचा मार्ग कायमचा सोडला आणि बोर्डिंगच्याच मागं लागले. चार शहाण्या माणसांनी त्या वेळी त्यांना वेड्यात काढलं असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. घरात पैसा नाही, पदरात परक्यांची पोरं, आणि हा माणूस घोंगडी खांद्यावर टाकून गावोगाव हिंडतोय.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले, त्यांच्या हस्ते शाहू बोर्डिंगचा नामकरण समारंभ झाला. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहतात, एकत्र जेवतात, हे गांधीजींनी डोळ्यांनी पाहिलं. पुढं १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला, तेव्हा भाऊरावांनी त्या ऐक्याची आठवण म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस काढलं. म्हणजे खेड्यातल्या पोरानं पुण्यात राहायचं कुठं, या प्रश्नाला भाऊरावांनी पुण्यातच उत्तर दिलं होतं. आज बिबवेवाडीत खाट शोधणाऱ्या बापानं हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

गावानं जागा द्यायची, संस्थेनं मास्तर

बोर्डिंगातली पोरं शिकून मोठी झाली, आता त्यांचं करायचं काय? नोकरीसाठी शहरात पाठवायचं तर खेडं होतं तिथंच राहणार. भाऊरावांनी १९३५ साली साताऱ्यात शिक्षक तयार करणारं कॉलेज काढलं. नाव ठेवलं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. खादी घालणाऱ्या माणसानं इंग्रज बादशहाच्या राज्याचा रौप्यमहोत्सव नावात घातला, हे वाचून हसू येतं. पण सरकारदरबारी काम करणाऱ्या वाचकांना नावाचा उपयोग काय असतो हे मी सांगायला नको. पुढं या कॉलेजाला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं.

या शिक्षकांच्या जोरावर शाळा नसलेल्या गावांत आणि वाड्यांत संस्थेनं व्हॉलंटरी शाळा सुरू केल्या. देवळात, चावडीत, धर्मशाळेत, जिथं गाव जागा देईल तिथं. अशा ५७८ शाळा उभ्या राहिल्या. आकडा पुन्हा एकदा वाचा. डोंगरातल्या, नदीपलीकडच्या, सरकारी यंत्रणा जिथं पोचली नव्हती त्या वाड्या. स्वातंत्र्यानंतर सरकारनं प्राथमिक शिक्षणाचा भार उचलला तेव्हा या शाळा त्या व्यवस्थेत गेल्या. त्यामुळं आपल्या जिल्ह्यातल्या काही जिल्हा परिषद शाळांचं मूळ शोधत गेलात तर ते रयतेच्या मास्तरापर्यंत जाऊन पोचतं. गावच्या जुन्या माणसांना विचारून बघा. मुलींसाठी साताऱ्यात जिजामाता अध्यापिका विद्यालय निघालं. मुलींची सोय मुलांच्या मानानं उशिरा झाली हे खरं आहे, पण पोरीला परगावी ठेवायला बाप तयार नसत हेही तितकंच खरं.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. फी नाही, राहायची सोय, आणि त्याबदल्यात श्रम. कमवा आणि शिका हा शब्द आज सगळे वापरतात, तो इथं नीट रुजला. याची रीत समजून घ्या. पोर सकाळी शाळेत, बाकी वेळ मळ्यात किंवा बांधकामावर. सुट्टीतही काम. त्या कामाचा मोबदला त्याच्या शिक्षणाच्या आणि जेवणाच्या खर्चात वळता होतो. बापाला मनिऑर्डर पाठवावी लागत नाही. पोराला शेतीचं काम लाजिरवाणं वाटत नाही, कारण शिकणाराच खुरपं धरतो. आज आपल्याकडं पोरगं बारावी झालं की त्याला बांधावर उभं राहायची लाज वाटते आणि बापालाही त्यात मोठेपणा वाटतो. भाऊरावांच्या पोरांना ती चैन नव्हती.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडलं. त्याआधी साताऱ्याच्या पोराला कॉलेजसाठी कोल्हापूर, सांगली नाहीतर पुणं गाठावं लागे. सांगतात की या सुमारास एका धनवंतानं मोठी देणगी देऊ केली, अट एवढीच की कॉलेजला त्याचं नाव द्यायचं. भाऊरावांनी शिवाजी महाराजांचं नाव काढायला साफ नकार दिला आणि देणगी गेली. आपल्याकडं कमानीला निधी लवकर मिळतो, वर्गाला उशिरा. म्हणून ही आठवण काढली.

गांधीजींचा खून झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढायचा निश्चय भाऊरावांनी केला. याच काळात सरकारवर केलेल्या टीकेमुळं मुंबई सरकारनं संस्थेची ग्रँट बंद केली. ग्रँट बंद म्हणजे काय ते शाळा चालवणाऱ्याला विचारा. मास्तरांचे पगार, बोर्डिंगातलं धान्य, सगळं एकदम अडतं. भाऊराव पुन्हा गावोगाव हिंडले. गाडगेबाबा त्यांच्या पाठीशी उभे राहिले, सरकारकडं शब्द टाकला. पुढं ग्रँट सुरू झाली. एक हातात खराटा घेतलेला, दुसरा खांद्यावर घोंगडी टाकलेला. दोघांच्याही खिशात दमडी नाही, आणि दोघांच्या शब्दाला गाव थैली रिकामी करतं. १९५४ साली कऱ्हाडात कॉलेज निघालं त्याला भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं.

अशा बोर्डिंगांतून काय निघालं, असा रोखठोक सवाल तुम्ही कराल. करायलाच पाहिजे. दोनच नावं सांगतो. एक ज्ञानदेव घोलप. महार समाजातलं हे पोर शाळेच्या बाहेर बसून शिकताना भाऊरावांनी पाहिलं आणि कोल्हापूरला नेऊन त्याच्या शिक्षणाची सोय लावली. तेच पुढं डॉ. आंबेडकरांच्या मूकनायक पत्राच्या संपादनात आले आणि मुंबईच्या कायदेमंडळातही बसले. दुसरे बॅरिस्टर पी. जी. पाटील. शाहू बोर्डिंगातला हा विद्यार्थी विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला, रयतेतच शिकवायला परत आला आणि पुढं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ही झाली मोठी नावं. पण खरा हिशेब लहान नावांचा आहे. गावातला जुना मास्तर, सोसायटीचा सचिव, तालुक्याच्या कचेरीतला कारकून, पाटबंधाऱ्यातला ओव्हरसियर. पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्यांच्या घरात पहिला पगार आला, त्यातल्या पुष्कळांच्या दाखल्यावर रयतेचा शिक्का होता. एका पगारानं दोन भावांचं कर्ज फिटलं, बहिणीचं लग्न झालं, जमिनीचा तुकडा गहाणातून सुटला.

१९५९ साली भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठानं सन्मानाची डी.लिट. पदवी दिली. मॅट्रिक न झालेला माणूस डॉक्टर झाला. पण शरीर थकलं होतं. ९ मे १९५९ रोजी पुण्यात ससून रुग्णालयात त्यांचं निधन झालं. समाधी साताऱ्यात आहे. त्या वेळी मागं संस्थेची ३८ वसतिगृहं, १०८ माध्यमिक शाळा, ६ अध्यापन विद्यालयं आणि ३ महाविद्यालयं होती, त्या ५७८ शाळा वेगळ्या. आज संस्था महाराष्ट्राबाहेर कर्नाटकातही आहे आणि २०२१ साली साताऱ्यात भाऊरावांच्या नावानं विद्यापीठ झालं.

आता परत बिबवेवाडीच्या त्या खोलीकडं वळू, कारण घरमालकाला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. डिपॉझिट देण्याआधी तीन ठिकाणी विचारा. एक, पोराच्या कॉलेजात कमवा व शिका योजना आहे का. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्याच नावानं चालते. लायब्ररीत, ऑफिसात, प्रयोगशाळेत, बागेत काम करून पोराला तासांवर पैसे मिळतात. विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून एक प्राध्यापक नेमलेले असतात, त्यांना भेटायचं. जागा मर्यादित असतात, म्हणून प्रवेश झाल्या झाल्या भेटायचं, दिवाळीनंतर नाही. दोन, पोर इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला असेल आणि तुम्ही अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असाल, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिसरं, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजाच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. म्हणजे खाटेचे आणि डब्याचे पैसे काही प्रमाणात सरकार देतं. पण हे कॉलेजाच्या नोटीस बोर्डावर असतं, आणि बाप असतो बांधावर.

आणि गावच्या कारभाऱ्यांना एक विनंती. या योजनांना उत्पन्नाचा दाखला लागतो, अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो, जातीचा दाखला लागतो. अर्जाची मुदत ठरलेली असते. पोराचा बाप दाखल्यासाठी तीन हेलपाटे घालतो, चौथ्यांदा येत नाही, आणि तेवढ्यात मुदत जाते. ग्रामसभेत पाणीपट्टी आणि गटार हे विषय होतातच. मे महिन्याच्या सभेत यंदा बारावी झालेली पोरं-पोरी किती, शिकायला परगावी कोण जाणार, कुणाच्या दाखल्याचं अडलंय, एवढी यादी वाचून घ्यायला दहा मिनिटं लागतील. भाऊराव गावात आले की आधी शाळेत न जाणारी पोरं कुठं आहेत ते विचारत. ती यादी तुमच्या दप्तरात आहे का, ते उद्या सकाळी कचेरी उघडल्यावर बघा.